खजुराची बी आणि सवलतीचं कार्ड

गेल्या वर्षी आषाढी एकादशी रविवारी आली होती. खिचडी सकाळीच संपली, चारच्या सुमारास पोटात कावळे ओरडायला लागले म्हणून मी खजुराचा डबा काढला. डब्यावर ठळक अक्षरांत ‘बिया काढलेला’ असं छापलं होतं. तिसऱ्या खजुरात बी निघाली. आवाज कानाला नाही, डोक्याच्या आत ऐकू आला. तळहातावर घेऊन बघितलं तर एक बी, तांदळाच्या कणीएवढा दाढेचा तुकडा आणि काळपट चांदीची एक कपची. ती चांदी १९९८ साली मिरजेत भरलेली होती, लग्नाच्या आधी. सत्तावीस वर्षं टिकली, तक्रार करायला जागा नाही.

“अहो, दाढ तुटली.”

हे फोनवर पंढरपूरचे व्हिडिओ बघत होते. “दुखतंय का?”

“नाही.”

“मग डिसेंबरमध्ये मिरजेला जातोच आहोत की.”

अमेरिकेतल्या निम्म्या मराठी घरांत दातांचा विमा हाच असतो: डिसेंबर. आम्ही राहतो टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये. इथे ओळखीतल्या कुणाचीही दाढ दुखली की आधी विमानाच्या तिकिटाची तारीख विचारतात. दादाला फोन केला तर त्यानं लगेच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून दर कळवला: रूट कॅनाल साडेचार हजार, झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप नऊ हजार. रुपये. मीही मान डोलावली आणि पाच महिने डावीकडून चावायचं ठरवलं.

मंगळवारी रात्री अडीचला ठणका सुरू झाला. लवंगेचं तेल लावून बघितलं, मिठाच्या गुळण्या केल्या. गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट कानापर्यंत. पहाटे स्वयंपाकघरात फेऱ्या मारताना मी बोटं मोजली, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. डिसेंबरचा विमा तिथेच रद्द झाला.

आता खऱ्या विम्याचं सांगते. यांची नोकरी मार्चमध्ये गेली आणि महिन्याभरात कंत्राटावर दुसरं काम मिळालं. पगार बरा, पण विमा नाही. नोकरी सुटली की ‘कोब्रा’ नावाची सोय असते. जुना गटविमा १८ महिने पुढे चालवता येतो, फक्त कंपनीचा हिस्सासुद्धा आपणच भरायचा आणि वर २ टक्के. ठरवायला ६० दिवस मिळतात. आमचा दातांचा विमा वेगळा होता, तेवढाच चालू ठेवता आला असता. पण तेव्हा यांनी “तुझे दात तर चांगले आहेत” असं प्रशस्तिपत्र दिलं आणि ते ६० दिवस गेले. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, त्यांनाही विसरू देत नाही.

तब्येतीचा विमा आम्ही सरकारनं चालवलेल्या विम्याच्या बाजारपेठेतून घेतला. त्यात दात नाहीत. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानं, म्हणजे ओबामाकेअरनं, ज्या सेवा आवश्यक ठरवल्या, त्यांत लहान मुलांचे दात आहेत, मोठ्यांचे नाहीत. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, १९६५ साली आला, त्यातूनही दातांची नेहमीची कामं पहिल्यापासून वगळलेली. थोडक्यात, या देशात दात शरीरात धरतच नाहीत.

बुधवारी घराजवळच्या दवाखान्यात गेले. छान होतं सगळं. छताला टीव्ही, पायावर पांघरूण. तपासणीचे ९५ आणि एक्सरेचे ३८ डॉलर दिले. डॉक्टरांनी दाखवलं, चीर दाढेतल्या नसेपर्यंत गेलीये, रूट कॅनाल करावं लागेल, मग आत भराव घालून दाढ उभी करायची आणि वर कॅप. मग एक हसतमुख मुलगी कागद घेऊन आली. रूट कॅनाल १,२८०. भराव ३४०. कॅप १,४९०. एकूण ३,११० डॉलर. मी काही बोलायच्या आत तिनं दुसरा कागद पुढे सरकवला, उपचारासाठीच्या क्रेडिट कार्डाचा. सहा महिने बिनव्याजी. खालची बारीक अक्षरं वाचली तर सहा महिन्यांत पूर्ण फेडलं नाही तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लागणार. मी दोन-तीन छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते, असले कागद माझ्या रोजच्या ओळखीचे. घडी घालून पर्समध्ये टाकला.

तिनं तिसराही कागद काढला होता. दवाखान्याची स्वतःची सभासद योजना, वर्षाला ३४९ डॉलर. दोन क्लिनिंग, तपासण्या आणि एक्सरे त्यातच, बाकी सगळ्यावर १५ टक्के सूट. ऐकायला गोड. गाडीत बसून आकडे मांडले: ३,११० चे झाले २,६४३, त्यात ३४९ मिळवले की २,९९२. म्हणजे वाचले ११८. दात धड असणाऱ्याला, वर्षातून दोनदा नुसतं क्लिनिंग करून घेणाऱ्याला ही योजना ठीक आहे. माझी दाढ फुटली होती.

एक्सरेची प्रत मात्र मी मागून ईमेलवर घेतली. हे पुढे कामी आलं.

विमा आता विकत घेता येईल का, हेही बघितलं. एक योजना महिना ४६ डॉलरची मिळाली. तपासणीला पूर्ण पैसे, फिलिंगला ८० टक्के, मोठ्या कामाला ५० टक्के. पण मोठ्या कामाला १२ महिने थांबायचं आणि त्या योजनेत रूट कॅनालही ‘मोठं’. शिवाय कंपनी वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलर देणार. मी ५५२ डॉलर हप्ता भरून वर्षभर लवंग चघळायची, मग त्यांनी हजारापर्यंत द्यायचे. थांबावं न लागणाऱ्याही योजना होत्या, पण त्यांत पहिल्या वर्षी मोठ्या कामाला २० टक्के. घर पेटल्यावर विहीर खणायला निघालं की असंच होणार, कंपन्यांना तरी काय बोलायचं.

डॅलसमध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, जुने लोक अजून त्याला बेलरच म्हणतात. तिथे विद्यार्थी काम करतात, प्राध्यापक डोक्यावर उभे असतात आणि खर्च खासगीपेक्षा कमी. मिरजेच्या पोरीला शिकाऊ डॉक्टरांची भीती कसली, आमचं अर्धं गाव डॉक्टर आणि उरलेलं अर्धं पेशंट. पण तिथे आधी प्राथमिक तपासणीची वेळ घ्यायची, त्यांनी पेशंट म्हणून स्वीकारायचं, मग लांबलांब बैठका. ठणका नसता तर मी तिथेच गेले असते, आजही तेच सांगेन.

मार्ग सापडला मराठी शाळेत. रविवारी मुलांची बाराखडी घेताना माझा गाल सुजलेला बघून शाळेतल्या एका मैत्रिणीनं पाकिटातून कार्ड काढलं. तिचा नवरा स्वतःचा धंदा करतो, त्यांना कुणी विमा देत नाही.

“हा विमा नाही हं,” तिनं आधीच बजावलं. “कॉस्टकोच्या दुकानाचं कार्ड असतं ना, तसं समज. वर्षाची फी भरायची, मग त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे ठरलेल्या कमी दरात काम. पैसे आपणच द्यायचे, तिथल्या तिथे. क्लेम नाही, थांबणं नाही, वर्षाची मर्यादा नाही.”

“मग डॉक्टर का देतात कमी दरात?”

“खुर्ची रिकामी राहण्यापेक्षा बरं ना.”

याला इथे डिस्काउंट डेंटल प्लॅन म्हणतात. घरी येऊन शोधलं तर डझनभर नावं पुढे आली, वर्षाला शंभरापासून दोनशेपर्यंत, आणि सगळीकडे मोठ्या अक्षरांत ‘६० टक्क्यांपर्यंत सूट’. या ‘पर्यंत’ शब्दावर माझा जुना राग आहे. साडीच्या सेलमध्ये ‘५० टक्क्यांपर्यंत’ लिहिलेलं असतं आणि आपल्याला आवडलेल्या साडीवर नेमके १० असतात, तोच हा ‘पर्यंत’.

दोन संध्याकाळी घालवल्यावर चित्र थोडं स्पष्ट झालं. कार्डं डझनभर, पण डॉक्टरांची जाळी मोजकीच. केअरिंग्टन, एटना, सिग्ना अशा मोठ्या कंपन्यांनी डॉक्टरांशी दर ठरवलेले असतात आणि वेगवेगळे विक्रेते त्याच जाळ्यावर आपापलं नाव लावून कार्ड विकतात. केअरिंग्टन तर आमच्या शेजारच्या फ्रिस्कोतली कंपनी, १९७९ पासूनची, आणि मला तिचं नाव इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. म्हणजे कार्डाच्या रंगाकडे बघायचं नाही, खाली ‘नेटवर्क’ कुठलं लिहिलंय ते बघायचं. टेक्सासात असल्या योजना चालवणाऱ्यांना राज्याच्या विमा खात्याकडे नोंदणी करावी लागते. एक फारच स्वस्त कार्ड मला आवडलं होतं, महिना ७ डॉलर. विमा खात्याच्या संकेतस्थळावर त्या चालकाचं नाव टाकलं, सापडलं नाही. त्याला तिथेच रामराम.

मी शेवटी कुठलं कार्ड घेतलं ते सांगत नाही. लपवायचं काही नाही, पण तुमच्या झिप कोडमध्ये त्या कार्डाला कोण डॉक्टर आहे यावर सगळं अवलंबून आहे. माझ्यासाठी बरं तेच ह्यूस्टनमधल्या माणसाला निरुपयोगी असू शकतं.

या सगळ्यात माझ्या कामाची एकच गोष्ट निघाली, ती म्हणजे कोड. पहिल्या दवाखान्याच्या कागदावर प्रत्येक कामापुढे एक आकडा होता. अमेरिकन डेंटल असोसिएशननं दातांच्या प्रत्येक कामाला असा क्रमांक दिलेला आहे आणि देशभर तोच चालतो. दाढेचं रूट कॅनाल डी ३३३०. भराव डी २९५०. पूर्ण सिरॅमिकची कॅप डी २७४०. नावं प्रत्येक जण वेगळी घेतो, कुणी भरावाला ‘बिल्डअप’ म्हणतो, कुणी ‘कोअर’, पण आकडा बदलत नाही. भाजीवाल्याला “वांगी कशी?” विचारण्याऐवजी “भरताची की भरल्या वांग्याची?” असं विचारण्यासारखं आहे. समोरच्याला कळतं की ही बाई रोज मंडईत येते.

बुधवारी सकाळी वही उघडली, रकाने आखले आणि कार्ड घेण्याआधीच यादीतल्या पाच दवाखान्यांना फोन लावले.

पहिला म्हणाला, हे कार्ड आम्ही तीन वर्षांपूर्वीच बंद केलं. यादीत नाव अजून होतं. मी यादीवर विसंबून कार्ड घेतलं असतं तर?

दुसऱ्या दवाखान्यात कार्ड चालत होतं, पण दाढेचं रूट कॅनाल ते करत नाहीत, तज्ज्ञाकडे पाठवतात. आणि तज्ज्ञाला या कार्डावर ठरलेला दर नाही, त्याच्या नेहमीच्या बिलावर २० टक्के सूट. त्याचं नेहमीचं बिल किती? “ते त्यांनाच विचारा.” कार्डाचं दरपत्रक बघून जो आकडा मी खुशीत लिहिला होता तो इथे खोडावा लागला. पुढच्या प्रत्येक फोनला मग माझा पहिला प्रश्न हाच होता: दाढ तुम्ही स्वतः करता का?

तिसऱ्या ठिकाणी मुलीनं घाईघाईत सांगितलं, कॅप ६२०. मी कोड विचारला. डी २७५१. ती धातूवर पोर्सिलेन चढवलेली कॅप. मी डी २७४० विचारला तर ७९० आणि ‘लॅबचे वेगळे’, म्हणजे कॅप बनवणाऱ्यांचे. लॅबचे किती? ते डॉक्टर ठरवतील. वहीत या नावापुढे मी फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं.

चौथ्या ठिकाणी सगळे दर चांगले होते आणि बोलणंही गोड. तिथे वेळ घेतली. त्याच संध्याकाळी कार्ड विकत घेतलं, १३९ डॉलर वर्षाचे आणि २० डॉलर एकदाची नोंदणी. तीस दिवसांत रद्द केलं तर १३९ परत, २० नाही, असं अटींत स्पष्ट होतं. हे वाचूनच मी पैसे भरले. कार्ड फोनवर आलं आणि दुसऱ्या दिवशी चालू झालं.

आता त्या चौथ्या दवाखान्याची हकिगत. खुर्चीवर बसले, माझ्या दाढेकडे कुणी बघेना. आधी हिरड्या मोजायच्या म्हणाले. एक तरुण मुलगी बारीक खुणांची सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घालून मोठ्यानं आकडे सांगत होती, दुसरी संगणकावर टिपत होती. “थ्री, टू, थ्री. टू, टू, थ्री.” प्रत्येक दाताला सहा आकडे, तीन बाहेरून आणि तीन आतून. तोंड उघडं, हात मोकळे; मी मनात मोजत राहिले. हिशेबाची सवय, दुसरं काय. चार एकदाच ऐकला, तोही तुटलेल्या दाढेच्या मागे. बाकी सगळे दोन आणि तीन.

पाच मिनिटांनी कागद आला. रूट कॅनालच्या आधी ‘डीप क्लिनिंग’, डी ४३४१, तोंडाचे चारही भाग. नेहमीचे १,१६० डॉलर, “पण तुमच्या कार्डावर फक्त ५२०!”

मी विचारलं, “हे खोल फटींसाठी असतं ना? माझ्या तर दोन-तीन मिलिमीटरच्या आहेत.”

मुलगी गप्प झाली. डॉक्टर आले, म्हणाले, प्रतिबंधक म्हणून. मी म्हटलं, मला त्या मोजमापाची छापील प्रत द्या आणि दाढेचं तेवढं सांगा. ते म्हणाले, आधी हिरड्या, मग दाढ, आमची पद्धत आहे. मी उठले. तीन मिलिमीटरपर्यंतची फट निरोगी हिरडीतही असते, एवढं मला आदल्या रात्रीच्या वाचनातून कळलेलं होतं. ज्यांना खरंच हिरड्यांचा आजार आहे त्यांनी ते क्लिनिंग टाळू नये, माझ्या नणंदेनं टाळलं आणि दोन दात गमावले. पण ठरलेल्या कमी दरात रूट कॅनाल केलं की जे सुटतं ते दुसरीकडून भरून काढायचं, हा मोह सवलतीच्या कार्डाबरोबर येतो. कार्ड दर बांधून देतं. काम किती करायचं ते कुणी बांधून देत नाही.

घरी आले तर हे म्हणाले, “पाचशे वीसमध्ये करून घ्यायचं होतंस की, निम्म्याहून कमी होतं.”

“जे नकोच आहे ते निम्म्यात घेऊन वाचतं का काही?”

त्यांनी चहा टाकला. आमच्या घरात माघार अशी घेतात.

पाचवा दवाखाना पंचवीस मिनिटं लांब, रिचर्डसनला. एका जुन्या दुकानांच्या रांगेत, शेजारी व्हिएतनामी बेकरी. छताला टीव्ही नाही. काउंटरवरच्या बाईंनी फोनवरच माझं बोलणं मध्ये थांबवलं, “तुमच्याकडे कोड आहेत? मग ईमेल करा, मी दर लिहूनच पाठवते.” तासाभरात उत्तर आलं. प्रत्येक कोडपुढे दोन रकाने, त्यांचा नेहमीचा दर आणि कार्डाचा दर. रूट कॅनाल १,०५० आणि ६९०. भराव २६० आणि १६५. कॅप १,१८० आणि ८१५, लॅबसकट. तपासणी ३५. घराजवळच्या दवाखान्याचा एक्सरे चालेल, नव्याचे पैसे नाहीत.

तो ईमेल छापून वहीत चिकटवला आणि मग बेरजा करत बसले. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, ३,११० चं काम १,६७० मध्ये झालं, कार्डानं ४६ टक्के वाचवले. जाहिरातीत हेच छापतील. पण या दवाखान्याचा बिनकार्डाचा दरच २,४९० होता. म्हणजे ६२० डॉलर माझे नुसता दवाखाना बदलल्यामुळे वाचले, त्याला कार्ड लागलंच नसतं, फोन लागले. कार्डाचा खरा वाटा ८२०, त्यातून फीचे १५९ वजा. राहिले ६६१. काही थोडे नाहीत ते, एका माणसाचं मिरजेला जायचं अर्धं तिकीट तरी निघेल. पण जाहिरातीतली टक्केवारी कशाच्या तुलनेत आहे हे विचारलं नाही तर आपण उगाचच खूश होऊन घरी येतो.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या, फार बोलत नव्हत्या. एक्सरे बघितला, दाढेवर बर्फाची कांडी टेकवली, मी उडाले, त्या “बरं” म्हणाल्या. दाढेचं काम स्वतःच करतात. भूल दिल्यावर दहा मिनिटं खरोखर थांबल्या, घड्याळ लावून. दीड तासात चारही नळ्या साफ झाल्या. चौथी नळी सहज सापडत नाही म्हणाल्या, भिंगाचा चष्मा लावून शोधत होत्या आणि सापडल्यावर स्वतःशीच हसल्या. त्या रात्री मी दोन आठवड्यांत पहिल्यांदा उजव्या कुशीवर झोपले.

कॅपच्या दिवशी बिलात एक ओळ जास्त दिसली. लॅब, ९५ डॉलर. काउंटरवर त्या दिवशी दुसरी मुलगी होती. मी वाद घातला नाही, नुसती वही उघडून चिकटवलेला ईमेल दाखवला. तिनं आत जाऊन विचारलं, परत येऊन ओळ काढली आणि “सॉरी, आम्ही सगळ्यांना तसंच लावतो” असं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. सगळ्यांना! माझ्यामागे एक आजोबा उभे होते, त्यांच्याही हातात तसलंच कार्ड. त्यांच्याकडे ईमेल होता की नाही कुणास ठाऊक. मी काही बोलले नाही, आणि गाडीत बसल्यावर वाटलं, बोलायला हवं होतं.

कार्डाची एक खोडी मात्र नंतर कळली. वर्ष संपलं की ते आपोआप पुन्हा चालू होतं आणि पैसे परस्पर कापले जातात. मी खात्यात जाऊन तो पर्याय बंद केला. तो तीन पानं आत होता, लहान अक्षरांत. पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही ते दाढा ठरवतील. नोकरीकडून विमा मिळणाऱ्यानं या भानगडीत पडू नये, त्याचं त्यातच भागतं. मात्र विम्याची वर्षाची मर्यादा नोव्हेंबरमध्येच संपते आणि समोर दोन कॅप उभ्या असतात, अशा माणसाला हे कार्ड उपयोगी पडू शकतं. एक मात्र लक्षात ठेवा, एकाच कामावर बहुतेक ठिकाणी विमा आणि कार्ड दोन्ही चालत नाहीत.

डिसेंबरमध्ये मिरजेला गेलो. ठरल्याप्रमाणे नाही, पण सवयीनं दादा मला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. आता त्यांचा मुलगा बघतो, वडील कोपऱ्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. मुलानं कॅपवर आरसा फिरवला. “चांगली बसवलीय हो. कडा कुठे लागत नाही.” मग आरसा वर नेला. “पण वरच्या दाढेला कीड लागतेय, ताई. आत्ता भरू?”

बाराशे रुपये. वीस मिनिटं.

मी चूळ भरून उठले तेव्हा वडिलांनी पेपर खाली केला आणि दाराशी उभ्या असलेल्या यांच्याकडे बघून विचारलं, “जावईबापू, तुम्ही कधी दाखवलं होतं शेवटचं?” हे काहीतरी पुटपुटले. दादानं त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. तीन दाढा किडलेल्या निघाल्या.